क्लोन केलेला होस्ट आल्यापासून आयस्कझी (नेटवर्कवरून डिस्क देण्याची पद्धत) कनेक्शन तुटतंय. स्टोरेजच्या कमांड लाइनवरून नेमका एकच होस्ट कसा काढायचा?

मकरपुरा_आयटी (वडोदरा)

नमस्कार मंडळी. मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्याचं स्टोरेज आहे. डेबियन सर्व्हरवर एलआयओ टार्गेट (डिस्क देणारी कर्नलमधली सोय), वेब कन्सोल नाही, सगळा कारभार टार्गेटसीएलआय या कमांडमधून. एकच टार्गेट, एकच टीपीजी (टार्गेटचा पोर्टल गट), पोर्टल दोन: १०.१०.१.५ आणि १०.१०.२.५, दोन्ही ३२६० पोर्टवर. लन (होस्टला डिस्क म्हणून दिसणारे भाग) एलव्हीएम व्हॉल्यूमवर आहेत. होस्ट (या डिस्क वापरणारे सर्व्हर) तीन: ईआरपी, कॅड ड्रॉइंग आणि बॅकअप. प्रत्येकाला दोन पाथ, वर मल्टिपाथ (दोन्ही पाथ मिळून एकच डिस्क दाखवणारा). फाइल सिस्टिम एक्सएफएस.

आता ईआरपी होस्टचा क्लोन घेऊन चाचणीसाठी चौथा होस्ट उभा केला आहे. आयपी (१०.१०.१.२४ आणि १०.१०.२.२४) व होस्टनेम बदललेलं आहे. त्याला वेगळा लन द्यायचाय, तो अजून बनवलेला नाही. चौथा होस्ट चालू झाला तेव्हापासून ईआरपीच्या लॉगमध्ये दर काही सेकंदांनी हे दिसतं:

कनेक्शन१:० डिटेक्टेड कॉन एरर १०२०
कनेक्शन१:० इज ऑपरेशनल आफ्टर रिकव्हरी

कॅड आणि बॅकअप व्यवस्थित चालू आहेत. स्विचच्या पोर्टवर एरर काउंटर शून्य. केबल बदलून झाली, फरक नाही.

या क्षणी कोणता होस्ट जोडलेला आहे ते स्टोरेजवरून खात्रीने कसं पाहायचं? बाकीच्यांना धक्का न लावता एकाच होस्टचं कनेक्शन तोडता येतं का? भंगारात गेलेल्या एका जुन्या होस्टची नोंदही एसीएलमध्ये (परवानगी दिलेल्या होस्टांच्या यादीत) पडून आहे, तीही काढायची आहे. टार्गेट सर्व्हिस रीस्टार्ट करावी का, असाही विचार चालू आहे. नवरात्र असल्याने संध्याकाळी सहानंतर कारखान्यात कोणी थांबत नाही, त्यामुळे तेव्हा ईआरपी बंद ठेवता येईल.

---

विजयनगर_स्टोरेज (इंदूर)

संध्याकाळची वाट पाहू नका. चौथा होस्ट आत्ताच्या आत्ता स्टोरेजच्या नेटवर्कवरून तोडा, बाकी सगळं नंतर.

क्लोनबरोबर ईआरपीचा आयक्यूएन (आयस्कझीमधलं होस्टचं नाव) जसाच्या तसा आलाय. तो /ईटीसी/आयस्कझी/इनिशिएटरनेम.आयस्कझी या फाइलमध्ये असतो. आयपी किंवा होस्टनेम बदलल्याने त्याला काही होत नाही. स्टोरेज होस्टला ओळखतं ते या नावावरून, म्हणजे तुमच्या टार्गेटच्या लेखी दोन्ही यंत्रं ‘ईआरपी’च आहेत. सेशनची ओळख इनिशिएटरचं (जोडणाऱ्या होस्टचं) नाव आणि आयएसआयडी (होस्टने दिलेला सेशनचा क्रमांक) मिळून ठरते. लिनक्स होस्टवरचं ओपन-आयस्कझी हा आयएसआयडी होस्टवरच्या सेशनच्या क्रमाने देतं, म्हणून दोन वेगळ्या होस्टांच्या पहिल्या सेशनला सारखाच आयएसआयडी मिळतो. नावं निराळी असतील तर त्याने काही बिघडत नाही. नावही एकच निघालं, की आयस्कझीच्या आरएफसी ७१४३ या मानकाप्रमाणे टार्गेट समजतं की जुनाच होस्ट पुन्हा लॉगिन करतोय, आणि आधीचं सेशन बंद करून नवं घेतं. ज्याचं सेशन गेलं तो लगेच परत लॉगिन करतो, मग दुसऱ्याचं जातं. हे असंच चालू राहतं.

एरर क्रमांकही तेच सांगतोय. १०२० म्हणजे टीसीपी कनेक्शन समोरच्याने बंद केलं. नेटवर्कमध्ये दोष असता तर बहुधा १०२२ दिसला असता, म्हणजे नॉप-आउटला (कनेक्शन जिवंत आहे का हे विचारणाऱ्या संदेशाला) ठरल्या वेळात उत्तर आलं नाही. ओपन-आयस्कझी मूळ सेटिंगनुसार ५ सेकंदांनी नॉप-आउट पाठवतं आणि उत्तरासाठी ५ सेकंद थांबतं. तेव्हा केबल बदलण्याआधी हा आकडा बघायचा.

सेशन तुटणं हा यातला लहान भाग आहे. क्लोनच्या एफएसटॅबमध्ये (आपोआप माउंट करायच्या यादीत) ईआरपीच्या लनची ओळ आहेच, त्यामुळे त्याने तोच एक्सएफएस माउंट केलेला असण्याची दाट शक्यता आहे. एक्सएफएस किंवा ईएक्सटी४ एकाच वेळी दोन होस्टांनी लिहिण्यासाठी बनलेलेच नाहीत. दोघांच्या मेमरीत वेगवेगळा मेटाडेटा, दोघेही त्याच ब्लॉकवर लिहिणार.

म्हणून क्लोनवर यूमाउंट करू नका आणि नेहमीसारखा शटडाउनही देऊ नका. दोन्हीमध्ये तो मेमरीतला शिल्लक डेटा लनवर उतरवतो. आधी नेटवर्क तोडा. क्लोनच्या कन्सोलवरून दोन्ही पोर्टसाठी:

आयपी लिंक सेट <पोर्ट> डाउन

त्यानंतर पॉवर बटण दाबून धरून सरळ बंद करा. मल्टिपाथ रांग लावून बसलेला असल्याने साधा शटडाउन तसाही लटकेल. कन्सोल हाताशी नसेल तर स्टोरेजवरून त्याचे दोन्ही आयपी अडवा. हे दोन्ही आयपींसाठी वेगवेगळं चालवायचं:

एनएफटी इन्सर्ट रूल आयनेट फिल्टर इनपुट आयपी एसॲडर १०.१०.१.२४ टीसीपी डीपोर्ट ३२६० ड्रॉप

इथे ‘इन्सर्ट’च लागतं. ‘ॲड’ दिलंत तर नियम शेवटी जाऊन बसतो, आणि वर ‘एस्टॅब्लिश्ड ॲक्सेप्ट’ असेल तर चालू कनेक्शन तसंच चालू राहतं.

कोण जोडलेलं आहे ते पाहायला मी दोन ठिकाणं बघतो. पहिलं:

टार्गेटसीएलआय सेशन्स डिटेल

यात प्रत्येक सेशनचा आयक्यूएन, एलियास, मॅप केलेले लन आणि होस्टचा आयपी येतो. एलियास म्हणून ओपन-आयस्कझी होस्टनेम पाठवतं. त्यामुळे एकाच आयक्यूएनखाली एकदा ईआरपीचं होस्टनेम आणि एकदा क्लोनचं आलं, की शंका फिटली. दुसरं, टीसीपी पातळीवर:

वॉच -एन १ एसएस -टीएन स्पोर्ट = :३२६०

तीन होस्ट, प्रत्येकी दोन पाथ, म्हणजे एस्टॅब्लिश्ड ओळी सहा हव्यात आणि पलीकडचे आयपी स्थिर हवेत. दर काही सेकंदांनी आयपी बदलताना दिसले तर तेच दुखणं.

---

दांडियाबाजार_लिनक्स (वडोदरा)

वरचं सगळं आधी करा. मी होस्ट काढण्याबद्दल आणि रीस्टार्टबद्दल लिहितो.

टार्गेट सर्व्हिस रीस्टार्ट करू नका. डेबियनवर ती सर्व्हिस थांबली की कर्नलमधलं टार्गेटचं सगळं कॉन्फिगरेशन पुसलं जातं आणि सुरू होताना /ईटीसी/आरटीएसलिब-एफबी-टार्गेट/सेव्हकॉन्फिग.जेसन मधून परत भरलं जातं. मधल्या वेळात कॅड आणि बॅकअपही तुटतात. टार्गेट वेळेत परत आलं तर होस्ट सावरतात, पण ‘वेळेत’ म्हणजे किती हे प्रत्येक होस्टच्या सेटिंगवर आहे. रिप्लेसमेंट टाइमआउट (तुटलेलं सेशन परत येण्याची वाट पाहायचा वेळ) मुळात १२० सेकंद असतो. मल्टिपाथ वापरणारे तो बहुतेक ५ वर आणतात, आणि पुढचं नो-पाथ-रीट्राय (एकही पाथ नसताना किती थांबायचं ही मल्टिपाथची सेटिंग) ठरवतं. शिवाय सेव्ह न केलेला बदल असेल तर तो या फेऱ्यात कायमचा जातो. एका होस्टचं भांडण सोडवायला सगळ्या कारखान्याला झटका द्यायची गरजच नाही.

चालू होस्ट काढायचा तर सुरुवात नेहमी होस्टकडून, शेवट स्टोरेजवर. होस्टवर हा क्रम:

फ्यूझर -व्हीएम /डेटा
यूमाउंट /डेटा
व्हीजीचेंज -एएन <व्हीजी>
मल्टिपाथ -एफ <मॅप>
आयस्कझीॲडम -एम नोड -टी <टार्गेट> --लॉगआउट
आयस्कझीॲडम -एम नोड -टी <टार्गेट> -ओ डिलीट

व्हीजीचेंज फक्त लनवर एलव्हीएम असेल तरच लागतं (व्हीजी म्हणजे एलव्हीएमचा व्हॉल्यूम गट). आयस्कझीॲडमला टी मोठा. मल्टिपाथला इथे लहान एफ द्यायचा. मोठा एफ वापरात नसलेले सगळे मॅप काढतो, ते नको. ‘मॅप इन यूज’ आलं तर काहीतरी अजून उघडं आहे. बहुतेक वेळा एलव्हीएम किंवा एखाद्या कंटेनरमधलं माउंट. शेवटची डिलीटची ओळ बरेच जण गाळतात. मग होस्ट रीबूट झाला की नोड रेकॉर्ड ऑटोमॅटिक असल्याने तो परत लॉगिन करायला बघतो.

हे झाल्यावर स्टोरेजवर:

टार्गेटसीएलआय /आयस्कझी/<टार्गेट>/टीपीजी१/एसीएल्स डिलीट <होस्टचा-आयक्यूएन>
टार्गेटसीएलआय सेव्हकॉन्फिग

भंगारात गेलेल्या होस्टला फक्त या दोन ओळी पुरेत. तो आयक्यूएन खरंच कोणी वापरत नाही ना, ते आधी सेशन्सच्या यादीत पाहून घ्या. क्लोनचा हा प्रकार समोर असताना तर नक्कीच. जुना होस्ट कधी क्लस्टरमध्ये असेल तर त्याचं पर्सिस्टंट रिझर्व्हेशन (लनवर नोंदलेला हक्क) लनवर शिल्लक असू शकतं. लक्षण म्हणजे दुसऱ्या होस्टच्या लॉगमध्ये ‘रिझर्व्हेशन कॉन्फ्लिक्ट’. एसजी-पर्सिस्टने नोंदलेल्या की वाचता येतात.

एसीएल काढल्यावर चालू सेशन तुटतं, आणि होस्टने पुन्हा प्रयत्न केला की त्याला एरर २४ मिळते, म्हणजे लॉगिनची परवानगी नाही. त्यामुळे होस्ट लटकलेला असेल तर स्टोरेजकडून हाकलायचा हा रस्ता आहे, पण तो शेवटचा. माउंट चालू असताना लन खालून ओढला आणि मल्टिपाथ ‘क्यू इफ नो पाथ’वर असला, तर होस्टवरच्या प्रोसेस डी अवस्थेत अडकतात, किल -९ लाही दाद देत नाहीत, लोड ॲव्हरेज चढत जातो आणि डीएफसुद्धा उत्तर देत नाही. तिथून सुटायला रांग बंद करावी लागते:

डीएमसेटअप मेसेज <मॅप> ० फेल-इफ-नो-पाथ

शब्दांमध्ये अंडरस्कोअर द्या. यानंतर अडकलेलं लिखाण एरर होऊन परत येतं आणि यूमाउंट करता येतं. जे लिखाण रांगेत होतं ते गेलं असं धरायचं.

आणि टीपीजी डिसेबल करणं हे एक होस्ट काढण्यासाठी नाही. त्याने त्या टीपीजीवरचे सगळेच जातात.

---

मकरपुरा_आयटी (वडोदरा)

दोघांचेही आभार. क्लोनचे पोर्ट डाउन करून तो बंद केला. त्याआधी एसएसमध्ये पाहिलं: ईआरपीचा आयपी आणि .२४ आलटून पालटून येत होते. आता सहा ओळी स्थिर आहेत, १०२० थांबलं. एलियासही दोन दिसले होते, शंका उरली नाही.

क्लोनवर तो लन माउंट झालेला होता. ईआरपीच्या फाइल सिस्टिमची तपासणी आता करू की संध्याकाळी? आणि चौथ्या होस्टसाठी नव्या नावाने एसीएल बनवून पाहिला तर त्याखाली तिन्ही लन आपोआप मॅप झालेले दिसले. तो एसीएल लगेच काढून टाकला. हे कसं टाळायचं?

---

विजयनगर_स्टोरेज (इंदूर)

तपासणी लवकरात लवकर. ईआरपी चालू राहील तितकं बिघडलेल्या मेटाडेटावर नवं लिखाण होत राहील. जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास मिळत असेल तर तोच घ्या.

आधी ॲप्लिकेशन आणि डेटाबेस बंद, मग यूमाउंट. यूमाउंट नीट झालं की स्टोरेजवर त्या व्हॉल्यूमचा स्नॅपशॉट घ्या, म्हणजे दुरुस्ती चुकली तरी मागे यायला जागा राहते:

एलव्हीक्रिएट -एस -एल २०जी -एन ईआरपी-स्नॅप <व्हीजी>/<ईआरपी>

इथे एल मोठा. साध्या स्नॅपशॉटला दिलेली जागा भरली की तो निकामी होतो. दुरुस्ती मोठी निघाली तर २० जीबी कमी पडेल, म्हणून व्हीजीमध्ये मोकळी जागा असेल तितकी सढळ द्या. काम संपल्यावर तो काढायला विसरू नका, कारण तो असेपर्यंत त्या लनवरचं लिखाण संथ होतं. त्यानंतर होस्टवर:

एक्सएफएस-रिपेअर -एन /डेव्ह/मॅपर/<मॅप>

कमांडच्या नावात अंडरस्कोअर द्या. -एन म्हणजे फक्त पाहणं, काही लिहायचं नाही. काही निघालं तर -एन काढून पुन्हा चालवा. ‘लॉगमध्ये मेटाडेटा शिल्लक आहे’ असं म्हणून तो थांबला, तर एकदा माउंट आणि यूमाउंट करा, लॉग रीप्ले होऊ द्या, मग परत. मोठा -एल लॉग शून्य करून टाकतो. माउंटच होत नसेल तेव्हाच, आणि स्नॅपशॉट हातात असेल तरच.

एक्सएफएस-रिपेअरने सगळं ठीक म्हटलं तरी काम संपत नाही. तो फाइल सिस्टिमची रचना तपासतो, फाइलच्या आतला मजकूर नाही. डेटाबेसची स्वतःची तपासणी चालवाच, आणि क्लोन चालू व्हायच्या आधीचा बॅकअप बाजूला काढून ठेवा. बॅकअपचं रोटेशन त्याच्यावर लिहिणार नाही याची काळजी घ्या.

---

दांडियाबाजार_लिनक्स (वडोदरा)

एसीएलचं: ‘ऑटो ॲड मॅप्ड लन्स’ ही टार्गेटसीएलआयची मूळ सेटिंग चालू असते. नवा एसीएल बनला की टीपीजीतले सगळे लन त्याला, आणि नवा लन बनला की तो सगळ्या एसीएलना. एका होस्टच्या घरगुती प्रयोगात ते सोयीचं असेल, कारखान्यात ते बंदच हवं:

टार्गेटसीएलआय सेट ग्लोबल ऑटो-ॲड-मॅप्ड-लन्स=फॉल्स

इथेही जोडशब्दांमध्ये अंडरस्कोअर. ही सेटिंग पुढच्यासाठी आहे, आधीची मॅपिंग ती काढत नाही. म्हणून कॅड, ईआरपी आणि बॅकअपच्या एसीएलखाली एकदा एलएस करून कोणाला काय दिसतंय ते बघा. कॅडला ईआरपीचा लन दिसत असेल तर नवल वाटायला नको. नको असलेली मॅपिंग काढण्याआधी त्या होस्टवरून त्याचं डिव्हाइस काढा:

एको १ > /सिस/ब्लॉक/<एसडीएक्स>/डिव्हाइस/डिलीट

दोन पाथ म्हणजे दोन डिव्हाइस, दोन्हीसाठी. कोणती जोडी कुठल्या लनची ते मल्टिपाथ -एलएल मध्ये दिसतं. आकार बघून अंदाज बांधू नका, डब्ल्यूडब्ल्यूआयडी (लनची कायमची ओळख) जुळवा.

आता चौथा होस्ट. स्टोरेजच्या केबल काढलेल्या ठेवूनच चालू करा. एफएसटॅबमधली ईआरपीची ओळ काढा, मग नवं नाव:

आयस्कझी-आयनेम

हा फक्त नाव छापतो, फाइलमध्ये लिहीत नाही. ते ‘इनिशिएटरनेम=’ पुढे स्वतः टाकायचं. मग जुने नोड रेकॉर्ड डिलीट करा आणि आयस्कझीडी रीस्टार्ट करा. एवढं करूनही स्टोरेजला जुनंच नाव दिसलं, तर आयस्कझीॲडम -एम आयफेस चालवून पाहा. /ईटीसी/आयस्कझी/आयफेसेस मधल्या फाइलीत इनिशिएटरनेम लिहिलेलं असेल तर ते मूळ फाइलीवर मात करतं. क्लोनमध्ये /ईटीसी/मशीन-आयडी आणि एसएसएचच्या होस्ट की सुद्धा तशाच आलेल्या असतात, त्याही याच वेळी नव्या करा.

स्टोरेजवर नव्या नावाचा एसीएल, आणि त्याच्या आत जाऊन फक्त त्याचा लन:

क्रिएट मॅप्ड-लन=० टीपीजी-लन-ऑर-बॅकस्टोअर=लन३

इथेही अंडरस्कोअर. होस्टला दिसणारा क्रमांक आणि टीपीजीतला क्रमांक एकच असायला हवा असं नाही, म्हणून टीपीजीतला लन३ त्याला ० म्हणून दाखवता येतो. सेव्हकॉन्फिग करा, केबल लावा, डिस्कव्हरी करा, लॉगिन करा. लॉगिन आधीच झालेलं असेल आणि लन नंतर दिला असेल तर आयस्कझीॲडम -एम सेशन --रीस्कॅन पुरतं, लॉगआउट लागत नाही.

याच आदेशात राइट-प्रोटेक्ट=१ देऊन लन फक्त वाचण्यापुरता देता येतो. पण बॅकअप होस्टला चालू ईआरपीचा लन असा देऊन फायदा नाही. ईआरपी लिहीत असताना दुसऱ्या होस्टने वाचलेला एक्सएफएस अर्धवट अवस्थेतला असतो. त्याला स्नॅपशॉटचा लन द्या.

---

विजयनगर_स्टोरेज (इंदूर)

एक भर. चॅप (आयस्कझी लॉगिनचा) पासवर्ड लावला असता तर हे टळलं असतं असं कोणी सुचवेल. टळलं नसतं, कारण पासवर्डही क्लोनबरोबर गेला असता. इथे उपयोगी पडतं ते फायरवॉल: ३२६० पोर्ट फक्त नोंदलेल्या होस्टांच्या स्टोरेज आयपींना उघडा आणि बाकी सगळं ड्रॉप. क्लोनला आयपी नवा द्यावाच लागतो, म्हणून तो दारातच अडतो. नियम /ईटीसी/एनएफटेबल्स.कॉन्फ मध्ये लिहा, नाहीतर रीबूटनंतर ते गेलेले असतील. चॅपही लावा, पण अनोळखी यंत्रासाठी.

टीपीजीमध्ये ‘जनरेट नोड एसीएल्स’ ० आहे ना, तेही पाहा. ते १ असेल तर एसीएलची यादी असून नसल्यासारखी, कोणताही इनिशिएटर आत येतो.

पुढे क्लोन करण्यासाठी जी मूळ प्रत ठेवाल तिच्यात इनिशिएटरनेमच्या फाइलमध्ये नाव ठेवू नका, ‘जनरेटनेम=येस’ एवढीच ओळ ठेवा. डेबियन आणि उबुंटूवर पहिल्यांदा सर्व्हिस सुरू होताना त्या जागी नवं नाव तयार होतं. डेबियनवर तयार झालेली नावं ‘आयक्यूएन.१९९३-०८.ऑर्ग.डेबियन:०१:’ ने सुरू होतात, वेगळेपण शेवटच्या अक्षरांत असतं. तेव्हा दोन नावं जुळवताना शेवटापर्यंत वाचा.

---

रावपुरा_नेटवर्क (वडोदरा)

चौथ्या होस्टच्या केबल लावण्याआधी एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) तपासा. पोर्टवर ९००० असेल तर:

पिंग -एम डू -एस ८९७२ १०.१०.१.५

एम मोठा, एस लहान. ९००० मधून आयपी आणि आयसीएमपीचे २८ बाइट वजा केले की ८९७२. वाटेतल्या एखाद्या स्विचपोर्टवर १५०० राहिलं असेल तर साधं पिंग आणि आयस्कझी लॉगिन दोन्ही चालतात, मोठं लिखाण सुरू झालं की मात्र कनेक्शन अडकतं आणि लॉगमध्ये १०२२ येऊ लागतो. हीच तपासणी दुसऱ्या पोर्टलसाठी १०.१०.२.५ वरही करा.

त्याच बॉक्सवरून एनएफएस (नेटवर्कवरून फाइल देण्याची पद्धत) देत असाल तर तिथले होस्ट पाहायला शोमाउंट -ए वर विसंबू नका. तो आरएमटॅब फाइल वाचतो, तीत कधीच गेलेले होस्टही राहतात, आणि एनएफएस ४ चे क्लायंट तर तिथे येतच नाहीत. कर्नल ५.३ पासून /प्रॉक/एफएस/एनएफएसडी/क्लायंट्स खाली प्रत्येक एनएफएस ४ क्लायंटचा फोल्डर असतो, त्यातल्या इन्फो फाइलमध्ये त्याचा पत्ता आणि नाव मिळतं.